दोन फिकट पिक्सेल

लॅबमधल्या त्या दोघांचा वाद जेमतेम दोन मिनिटांचा होता, आणि खरे तर तो माझ्यासमोर व्हायलाही नको होता. मी पेनड्राइव्ह दिला, त्यात मामाचा एकच फोटो होता, आणि त्याचा २४ बाय १८ इंचांचा प्रिंट हवा होता. संगणकावर बसलेल्या तरुण मुलाने फाईल उघडली, कोपऱ्यातले आकडे वाचले आणि म्हणाला, "मॅडम, फाईल फार छोटी आहे. रिझोल्यूशन वाढवून तीनशेवर नेतो, मग प्रिंट चांगला येईल." मागे छपाईयंत्रावर कागदाचा रोल चढवत असलेले, त्याच्या दुप्पट वयाचे गृहस्थ वळूनही न पाहता म्हणाले, "काही वाढत नाही रे. ताकात पाणी घातलं म्हणजे तांब्या भरतो, लोणी येत नाही. आहे तशी सोड, मशीन आपलं आपण करून घेतं." त्यावर मुलगा एवढेच म्हणाला, "मशीन करतं ते वेगळं, आपण करतो ते वेगळं." मग दोघेही आपापल्या कामाला लागले. मी बाहेर पडले, पण रिक्षात बसल्यावरही ते बोलणे डोक्यातून जाईना. मशीन आपले आपण करून घेत असेल, तर पाणी घातले जाणारच होते. ते कोणी घालायचे एवढाच प्रश्न उरत होता, आणि त्याचे उत्तर त्या दोघांपैकी कोणीच दिले नव्हते.

फोटो २००४ सालचा, मंगळवेढ्याकडच्या आमच्या आजोळच्या खळ्यावरचा आहे. ज्वारीची उफणणी चालली आहे. मामा उंच तिवईवर उभा आहे, दोन्ही हातांनी धरलेली पाटी खांद्याच्या वर कलली आहे, दाणे सरळ धारेने खाली पडत आहेत आणि भूस वाऱ्याबरोबर डावीकडे पसरत चालले आहे. ऊन मागून येत असल्यामुळे ते सगळे भूस पेटल्यासारखे दिसते. ज्यांनी खळ्यावर उभे राहून हे पाहिले आहे, त्यांना ते मानेवर कसे बसते, सदऱ्याच्या आत कसे शिरते आणि आंघोळ केल्यावरही रात्री कशी खाज सुटते, ते सांगायला नको. मामेभावाने नोकरी लागल्यावर हौसेने घेतलेल्या कॅमेऱ्याने मी तो फोटो काढला. ३ मेगापिक्सेल म्हणजे केवढी मोठी गोष्ट, असे आम्हाला तेव्हा वाटत होते. कार्ड भरले की जुने फोटो पुसून नवे काढायचे, संगणकावर १५ इंची पडद्यावर सगळ्यांनी वाकून पाहायचे आणि फारच आवडला तर पोस्टकार्डाएवढा प्रिंट काढायचा, यापलीकडे त्या फोटोंकडून कोणाची अपेक्षाही नव्हती.

आता मागे वळून पाहिले की त्या वर्षांचा राग येतो. माझ्या आजीचा एक कृष्णधवल फोटो आहे, साठ-सत्तरच्या दशकात तालुक्याच्या स्टुडिओत १२० च्या फिल्मवर काढलेला. त्याची निगेटिव्ह आजही चांगल्या स्कॅनरवर ठेवली तर भिंतीएवढा प्रिंट निघेल आणि तिच्या नथीतले मोती मोजता येतील. आजच्या साध्या फोनमधून निघणारा फोटोही मोठ्या प्रिंटला पुरून उरतो. मधली आठ-दहा वर्षे मात्र अशी गेली की आमच्या घरातली चार लग्ने, दोन बारशी, पाडलेला वाडा आणि मामा, हे सारे दोन-तीन मेगापिक्सेलांच्या फायलींमध्ये अडकून पडले आहे. आजीच्या आधीच्या पिढीचे फोटोच नाहीत, त्याची मनाने सवय केलेली असते. फोटो आहे, पण तो मोठा होऊ शकत नाही, याची सवय होत नाही.

घरी येऊन मी हिशेब मांडला. फाईल २०४८ बाय १५३६ पिक्सेलांची, म्हणजे साधारण ३१ लाख पिक्सेल. २४ इंच रुंदीवर ते पसरले तर इंचाला ८५ पिक्सेल येतात आणि प्रत्येक पिक्सेल जवळजवळ ०.३ मिलिमीटरचा होतो. तो मुलगा म्हणत होता त्याप्रमाणे इंचाला ३०० करायचे, तर ७२०० बाय ५४००, म्हणजे सुमारे ३ कोटी ८९ लाख पिक्सेल लागतात. याचा अर्थ वाढवलेल्या फाईलमधल्या दर १०० पिक्सेलांमागे ८ पिक्सेलांपुरतीच कॅमेऱ्याची साक्ष आहे, उरलेले ९२ शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रंगांवरून काढलेले अंदाज आहेत. हे वाचून मी रोलवाल्या काकांच्या बाजूला झुकले होते.

पण ३०० हा आकडा मुळात आला कुठून? मासिकांच्या ऑफसेट छपाईत चित्र ठिपक्यांत मोडणारी, इंचाला १५० रेषांची जाळी वापरत, आणि जाळीच्या दुप्पट पिक्सेल द्यावेत असा दंडक होता. त्यातून ३०० झाले. इंकजेट छपाईत अशी जाळीच नसते. तिथे यंत्र शाईचे सूक्ष्म थेंब विखरून टाकते, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले २८८० बाय १४४० हे आकडे त्या थेंबांच्या जागांचे असतात, फोटोतल्या पिक्सेलांचे नसतात. फोटोपुरते बोलायचे तर एप्सनच्या यंत्रांचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकावरून यंत्राला सूचना देणारा प्रोग्रॅम, इंचाला ३६० किंवा ७२० पिक्सेल धरून चालतो, कॅननचा ३०० किंवा ६००. तुम्ही ८५ द्या नाहीतर १४३ द्या, यंत्राला त्याचा ठरलेला आकडा गाठायचाच असतो. म्हणजे "मशीन आपलं आपण करून घेतं" हे काकांचे म्हणणे शब्दशः खरे होते. ते कसे करून घेते, एवढेच त्यांनी सांगितले नाही. काही ड्रायव्हर घाईचा मार्ग धरतात आणि जवळात जवळच्या पिक्सेलाची नक्कल करून रिकाम्या जागा भरतात. फोटोशॉपमधली बायक्युबिक पद्धत प्रत्येक नव्या पिक्सेलासाठी भोवतालच्या सोळा पिक्सेलांचा विचार करते. अंदाज दोन्हीकडे आहे, पण एक अंदाज आळशी आहे आणि दुसरा मेहनती.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये जाऊन दोन्ही प्रकारे छापायला सांगितले. अख्खे प्रिंट नको म्हटले. फोटोतला मधला भाग, जिथे मामाचा चेहरा, पाटीची कड, तिवईचा तिरका पाय आणि भुसाचा लोट असे सगळे येते, तेवढीच पट्टी २४ इंचांच्या मापाने, एकाच कागदावर एकाखाली एक छापून द्या, असे सुचवले. मुलाला ही कल्पना एकदम पटली. काकांनी "मॅडमचा वेळ जात नाही" अशा नजरेने पाहिले, पण पट्टी यंत्रातून बाहेर येताना तेही चष्मा लावून जवळ आले.

न वाढवलेल्या पट्टीत तिवईचा पाय पायऱ्यापायऱ्यांचा दिसत होता. फेट्याची कड करवतीसारखी झाली होती. भूस, जे माझ्या लेखी या फोटोचा जीव आहे, ते बारीक चौकोनांत मोडले होते, आणि चौकोन दिसले की डोळ्यासमोर संगणक उभा राहतो, खळे राहत नाही. वाढवून छापलेल्या पट्टीत तिवईचा पाय सरळ होता, फेटा गोल होता, भूस धुरकट पण अखंड होते. नवे काहीच दिसत नव्हते. पाटीच्या विणीचे धागे पहिल्या पट्टीतही नव्हते आणि दुसरीतही नव्हते. तरीही दुसरी पट्टी चांगली होती, यात आम्हा तिघांनाही शंका राहिली नाही. काका म्हणाले, "कडा सुधारल्या." आणि थोडे थांबून, "लोणी नाही आलं, पण घशाखाली उतरतंय."

मला याचे कारण हवे होते, आणि ते डोळ्याच्या एका खोडीत सापडले. साधारण चांगल्या नजरेला एक मिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या, कोनाहून जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. २५ सेंटिमीटरवरून याचा हिशेब इंचाला सुमारे ३५० पिक्सेल येतो आणि एक मीटरवरून सुमारे ८७. माझा प्रिंट ८५ चा. म्हणजे भिंतीवर लावून एक मीटर मागे सरकले की एकेक पिक्सेल दिसेनासा व्हायला हवा, आणि ताणून काही करायची गरज उरू नये. प्रत्यक्षात पहिली पट्टी मीटरभर दूर धरली तरी तिवईच्या पायाच्या पायऱ्या मला खुपत होत्या. कारण दोन ठिपके वेगळे ओळखण्याची क्षमता निराळी आणि एखादी रेष जागच्या जागी किंचित सरकलेली आहे हे ओळखण्याची क्षमता निराळी. ही दुसरी क्षमता मिनिटाच्याही कितीतरी लहान हिश्श्यापर्यंत, काही सेकंदांच्या (मिनिटाचा साठावा भाग म्हणजे सेकंद) कोनापर्यंत पोचते. व्हर्नियर कॅलिपरवरच्या रेषा जुळवताना आपण तिचाच उपयोग करतो. पिक्सेल दिसत नाही अशा अंतरावरूनही पिक्सेलांनी मोडलेली तिरकी रेष दिसते, ती या खोडीमुळे. वाढवण्याने फोटोला माहिती मिळत नाही. त्याच्या कडांवरचा कॅमेऱ्याच्या चौकटींचा ठसा तेवढा पुसला जातो, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीही ते करावे.

यानंतर त्या मुलाने जे केले, ते मला वाढवण्यापेक्षाही मोलाचे वाटले. वाढवलेली फाईल मऊ पडते, आणि शाई कागदात किंचित पसरत असल्यामुळे, विशेषतः मॅट कागदावर, ती आणखी मऊ होते. म्हणून शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणे, फाईल वाढवल्यानंतर, छपाईच्या मापाला करायचे. छोट्या फाईलवर आधीच शार्पनिंग करून मग ती ताणली तर कडांभोवतीच्या पांढऱ्या रेघाही ताणल्या जातात. कॅमेऱ्याने २००४ मध्येच स्वतःच्या अकलेने थोडे शार्पनिंग करून ठेवले होते, त्याच्या रेघा मामाच्या खांद्याभोवती दिसत होत्या. त्या त्याने हाताने, हळूहळू सौम्य केल्या. चित्र आवळून साठवणाऱ्या जेपीजीच्या ८ बाय ८ पिक्सेलांच्या ठोकळ्यांचे डाग आभाळात होते. या मापाला एकेक ठोकळा अडीच मिलिमीटरच्या जवळपास जात होता. तेही त्याने निवळवले. शेवटी त्याने संपूर्ण चित्रावर अगदी बारीक, जेमतेम जाणवेल असा ग्रेन, म्हणजे फिल्मवर असतो तसा कणांचा पोत, टाकला. तो खोटा होता, फोटोशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि तरीही तो पडताच भुसाच्या त्या धुरकट लोटात अचानक कण आले. फिल्मच्या जमान्यातल्या डोळ्यांना ग्रेन दिसला की तपशील असल्यासारखे वाटते. मी फसते आहे हे मला कळत होते आणि फसायला माझी हरकत नव्हती.

हरकत नव्हती, कारण तोवर मला एक गोष्ट ठाऊक झाली होती. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक बिंदूपुढे तांबडी, हिरवी किंवा निळी अशी एकच काच असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी, तिचे पेटंट १९७६ चे. निम्मे बिंदू हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो, उरलेले दोन रंग कॅमेरा शेजाऱ्यांना विचारून भरतो. म्हणजे न वाढवलेल्या, 'अस्सल' फाईलमध्येही रंगांचे दोनतृतीयांश आकडे अंदाजाचेच असतात. तो हिशेब धरला तर माझ्या ७२०० बाय ५४०० च्या प्रिंटमध्ये खरोखर मोजलेला भाग शेकडा तीनहूनही कमी भरतो. एवढ्या थोड्या पुराव्यावर मामा तिथे उभा आहे आणि मी त्याला दुरून ओळखते.

मग तिसरी पट्टी निघाली.

मुलगा म्हणाला, "एआयने करून बघू का? पैसे नका देऊ, मलाच बघायचंय." साधारण २०१८ पासून अशी सॉफ्टवेअरे सर्रास मिळू लागली आहेत, आणि २०२१ मध्ये अडोबीने कॅमेरा रॉ या आपल्या फोटो-सॉफ्टवेअरमध्येच लांबी-रुंदी दुप्पट करणारी सोय आणली. ती शेजारच्या पिक्सेलांवर थांबत नाहीत. लाखो फोटो पाहून ती शिकलेली असतात की अशा धुरकट आकारामागे बहुतेक वेळा काय असते, आणि तसे ती काढून देतात. तिसरी पट्टी बाहेर आली तेव्हा काकांच्या तोंडून "अरे वा" निघून गेले. फेट्याला वीण आली होती. पाटीला बांबूच्या काड्या आल्या होत्या. मामाच्या गालावर सुरकुत्या होत्या, पापण्यांना केस होते. भुसाचे मात्र वाटोळे झाले होते: अर्धे नॉइज, म्हणजे फोटोतला कचरा, समजून पुसले गेले होते, आणि उरलेले पानांसारखे काहीतरी होऊन बसले होते, जणू मामा झाडाखाली उभा आहे. मी भुसाकडे पाहून हसले आणि मग चेहऱ्याकडे पाहिले.

मामाच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेले होते. लहानपणी देवी आल्या होत्या, त्यातले. आम्हा भाचरांना त्याच्याशी बोलताना कुठल्या डोळ्याकडे पाहायचे हे आपोआप जमले होते. तो हसला की तो डोळा आधी बारीक व्हायचा. फोटोत त्याचा चेहरा सारा ६० पिक्सेल रुंद आहे. त्यात एकेक डोळा दहा-बारा पिक्सेलांचा, बुबुळ चार-पाच पिक्सेलांचे, आणि त्या बुबुळावर दोन फिकट पिक्सेल. दोनच. ठाऊक नसलेल्याला ते उन्हाची तिरीप वाटेल. साध्या पद्धतीने वाढवलेल्या पट्टीत त्यांचा अर्ध्या मिलिमीटरचा अस्पष्ट फिकट डाग झाला होता, पण डाग होता. एआयच्या पट्टीत तो डोळा उजव्या डोळ्यासारखाच काळाभोर, पाणीदार झाला होता. ज्या सॉफ्टवेअरने बांबूच्या काड्या स्वतः घडवल्या, त्याने फोटोतली एक खरी गोष्ट कचरा म्हणून काढून टाकली.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या पल्स या प्रणालीवरून गदारोळ झाला होता, तो यासाठीच. तिला बराक ओबामांचा ठळक चौकोनांचा धूसर फोटो दिला, तर ती एका गोऱ्या माणसाचा सुबक चेहरा काढून देई. त्यामागची रीत समजून घेण्यासारखी आहे. लहान केल्यावर दिलेल्या धूसर फोटोसारखा दिसेल असा कुठला मोठा चेहरा असू शकतो, हे ती शोधत असे. तसे चेहरे असंख्य असतात, आणि शिकवणीत ज्यांची गर्दी जास्त, त्यांच्यापैकी एक पुढे येतो. माझ्या मामाच्या दोन पिक्सेलांमागे निरोगी डोळा असण्याची शक्यता जगभरच्या फोटोंच्या हिशेबाने जास्तच होती. सॉफ्टवेअरचा अंदाज सरासरीने बरोबर होता; फक्त हा माणूस सरासरीतला नव्हता.

जुन्या स्टुडिओत खोटेपणा नव्हता असे मात्र मी म्हणणार नाही. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने सुरकुत्या भरून काढणारे रिटचर गावोगावी होते, आणि कृष्णधवल फोटोतल्या पातळाला हाताने रंग देताना नवरीला विचारायला कोणी जात नसे. पण रिटचरला निदान गिऱ्हाईक समोर बसलेले दिसलेले असे, आणि कोणती खूण काढायची व कोणती ठेवायची हे सांगायला घरातले माणूस शेजारी उभे असे. आज फाईल परक्या संगणकावर जाते, वाढून येते, आणि काय काय बदलले याची यादी तिच्यासोबत येत नाही.

मी काकांच्या देखरेखीखाली साध्या पद्धतीने वाढवलेला, ग्रेन टाकलेला प्रिंट काढला आणि फ्रेम करून मामीकडे नेला. सोबत त्या पट्ट्याही होत्या, कारण मामेभावाला गंमत म्हणून दाखवायच्या होत्या. मामीने फ्रेमकडे बराच वेळ पाहिले, पदराने काच पुसली. मग मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी तिने ती तिसरी पट्टी अगदी नाकाजवळ धरली आणि म्हणाली, "अगं, ह्यांचा डोळा निवळला की!" मी तिला समजावून सांगितले की तो डोळा यंत्राने काढलेला आहे. "काढू दे की," ती म्हणाली. "लोकांनी जन्मभर काणा म्हटलं. मला ह्यातला पाहिजे." सत्याची बाजू घेऊन मी इतके दिवस भांडत होते, आणि ज्या माणसाच्या वतीने भांडत होते, त्याची बायको समोरच्या पक्षात होती. मी तिला तोही काढून दिला. भुसाची पाने झाल्याचे तिने पाहिले नाही, किंवा पाहिले असेल तर बोलली नाही. हे मी करायला हवे होते की नाही, यावर माझे मन अजून दोन्हीकडे जाते. मोठी फ्रेम मात्र ज्या डोळ्यात फूल आहे तीच राहावी, यावर मी अडून बसले, आणि मामीनेही ते चालवून घेतले.

या प्रकरणाची बातमी नात्यात पसरल्यामुळे आता जो तो मला फोटो पाठवतो. परवा धाकट्या मामेभावाने मुलीच्या बारशाचा फोटो पाठवला. मूळ फोन हरवला आहे, राहिली आहे ती व्हॉट्सॲपवरची प्रत, लांब बाजू १६०० पिक्सेल. मी त्याला कळवले की ७ बाय ५ इंचांचा काढ, इंचाला २२८ पिक्सेल येतात, काहीही न करता झकास निघेल. रुंद माउंट (पुठ्ठ्याची किनार) घालून फ्रेम कर, भिंतीवर उठून दिसेल. त्याला ते मान्य नाही. त्याला ३० बाय २० चा हवा आहे, हॉलमध्ये, टीव्हीच्या वरच्या भिंतीला. मी कागद घेऊन बसले. ३० इंचांवर १६०० म्हणजे इंचाला ५३. सोफा भिंतीपासून आठ फुटांवर आहे असे तो म्हणतो, आणि आठ फुटांवरून डोळ्याची मर्यादा ३६ च्या आसपास येते. मग चालेल, असे मी त्याला लिहिले: बायक्युबिकने वाढवून घे, शार्पनिंग शेवटी, थोडा ग्रेन, कागद मॅट, आणि सोफा पुढे सरकवू नको.